डगल्यातला हात

डगला नवऱ्याचा होता, आणि जमिनीवर उभं राहून घातला की बायको त्यात बुडून जायची. बाह्या बोटांखाली वीतभर लोंबायच्या आणि खालची कड चिखल ओढत यायची. पण घोडीवर बसलं की तोच डगला तिच्या मापाचा वाटायचा. मुळात तो चालणाऱ्या माणसासाठी शिवलेलाच नव्हता. जाड मेणकापड, मागं कमरेपर्यंत चीर आणि चिरीत जास्तीचा तुकडा, म्हणजे खोगीर झाकलं जावं, आतून दोन पट्टे, ते मांड्यांना बांधायचे, म्हणजे वाऱ्यानं कडा उडू नयेत, खांद्यांवरून पाठीवर येणारा एक वेगळा पदर, बटणांनी लावलेला, आणि भुवया झाकणारी टोपी. सगळी सोंगं आणता येतात, उंचीचं आणता येत नाही. पण घोडीवर तेही जमून जातं, हे तिला त्या पावसाळ्यात कळलं.

तिचा नवरा तलावाच्या बांधावरचा स्वार होता. सहा मैलांचा मातीचा बांध, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं आणि वस्ती. पाऊस लागला की रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. उंदरांची बिळं, खेकड्यांची भोकं, भेगा, पाझर, काय असेल ते बघायचं. चिखलात चाकं रुततात म्हणून घोडी, आणि वरून पाऊस थांबत नाही म्हणून डगला. या टोकाला दोन खोल्या आणि तबेला, दोन्ही नोकरीबरोबर मिळालेले. त्या टोकाला पाणी सोडायचे लोखंडी दरवाजे आणि ते फिरवणाऱ्या चावीवाल्याची खोली. त्या खोलीच्या दोनशे पावलं अलीकडे एक दगडी खांब होता. खांबापर्यंत पोचलं की स्वाराचं काम झालं. चावीवाला खिडकीतून बघायचा आणि वहीत त्या दिवसाची खूण करायचा. पावसाळ्यात सलग सात दिवस खूण नसली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की खोल्याही गेल्या.

पावसाच्या दुसऱ्याच आठवड्यात घोडी घसरली आणि नवऱ्याची मांडी तिच्याखाली सापडली. घोडी लंगडत एकटीच परत आली, तेव्हा बायको चहा गाळत होती. तिचा भाऊ नेमका आदल्या दिवशी भेटायला आलेला, म्हणून निभावलं. दोघांनी मिळून त्याला डगल्यासकट उचलून आणलं, भावानं आपल्या गाडीतून शहरात नेलं, आणि चौथ्या दिवशी कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलेला माणूस परत आणून खिडकीजवळच्या खाटेवर ठेवला. तीन महिने हलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. कुठं बोलू नकोस, असं बहिणीनं भावाला बजावलं. तो हो म्हणाला. त्याला आपल्या घरी जायची घाई होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी नवरा छपराकडे बघत म्हणाला, "उद्या सातवा."

"माहीत आहे मला."

"साहेबाला कळवू का?"

"कळवा. साहेब दुसरा स्वार पाठवेल. तो कुठं झोपेल? तबेल्यात?"

ती उठली, खुंटीवरचा डगला काढला आणि अंगावर चढवला. तो डगला तिच्या हाताखालचाच होता. दरवर्षी पावसाच्या आधी मेण आणि जवसाचं तेल डब्यात पातळ करून, चिंधीनं शिवण शिवण चोळून, उन्हात वाळवून तीच तयार ठेवायची. कोपराचं ठिगळ तिचं, दुसरं बटण तिचं. सव्वीस वर्षांत घातला मात्र एकदाही नव्हता. नवरा आधी हसला. मग तिनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो हसायचा थांबला.

घोडीचा लंगडा पाय तोवर सुधारला होता, आणि घोडीचं तिला नवल नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ तिला पाण्यावर नेणारी तीच होती, आणि कोण बघतंय म्हणून उघड्या पाठीवर बसूनही गेलेली होती. प्रश्न बारा मैलांचा आणि लोकांच्या डोळ्यांचा होता. रात्री जेवण होईपर्यंत तो सूचना देत राहिला. उंटावरून शेळ्या हाकणारे जगात पुष्कळ असतात; हा खाटेवरून घोडी हाकत होता. पाण्याच्या बाजूनं जायचं, बाहेरच्या बाजूनं यायचं. गवत एकाच जागी जास्त हिरवं दिसलं की थांबायचं. पाझर दिसला तर आधी पाण्याचा रंग बघायचा. "स्वच्छ पाणी येत असेल तर घाबरायचं नाही, बांधाला घाम आलाय म्हणायचं. गढूळ आलं तर समज आतली माती वाहतेय. मग वेळ नसतो." आणि शेवटी म्हणाला, "खांबाशी जायचं, घोडी वळवायची, परत फिरायचं. थांबायचं नाही तिथं."

चावीवाल्याबद्दल तो एवढंच बोलायचा. दोघं एकेकाळी एका ताटात जेवायचे, हे तिला आठवत होतं. मग सोळा वर्षांपूर्वी एक दिवस आला. त्या दिवशी या खोल्यांत एक मूल जन्मलं आणि रडलंच नाही. नवरा दिवसभर बायकोजवळ बसून राहिला, बांधावर गेला नाही. चावीवाल्यानं वहीत जे दिसलं ते लिहिलं: आला नाही. वरून ताकीद आली, पगार कापला गेला. एक खूण करायला याचं काय जात होतं, असं नवरा तेव्हा म्हणाला, आणि पुढं त्या माणसाचं नाव घरात निघालं नाही. दुसरं मूलही झालं नाही.

सातव्या दिवशी सकाळी पाऊस सरळ रेषेत पडत होता. घोडीनं डगल्याची बाही हुंगली, मग बाहीतला हात हुंगला, एक मोठा श्वास सोडला आणि उभी राहिली. बायकोनं मांड्यांचे पट्टे बांधले. टोपीवर पावसाचा ताशा सुरू झाला. दुसरं काही ऐकूच येईना. आतून मेणाचा, घोडीच्या घामाचा आणि नवऱ्याच्या मानेचा वास येत होता. खाटेवर पडलेल्या माणसाला आता औषधाचा वास यायचा. हा धडधाकट माणसाचा वास होता आणि तो पांघरून ती एकटीच चालली होती.

खांब दिसला तेव्हा दीड प्रहर उलटून गेला होता. दोनशे पावलांवर चावीवाल्याची खोली, आणि खिडकीत माणूस उभा. ती खांबाशी गेली, घोडी वळवायला लगाम ओढला. पण कोणी आपल्याकडे बघत उभं असताना नुसती पाठ फिरवून जायचं हे तिला कधी शिकवलेलंच नव्हतं. तिचा उजवा हात आपोआप वर गेला. लांब बाही घसरून कोपरावर आली.

खिडकीतला माणूस हलला नाही. ती मनातून चरकली. मग बऱ्याच वेळानं त्यानं हात वर केला, आणि तसाच धरून ठेवला.

घरी आल्यावर नवऱ्यानं बारा मैलांचा हिशेब विचारला. पाणी कितव्या पायरीला, बिळं किती, वाटेत कोण भेटलं. तिनं सगळं सांगितलं. हाताचं तेवढं सांगितलं नाही. रागवेल, असं वाटलं. आणि खरं म्हणजे, सांगावंसंही वाटलं नाही.

मग दिवस एकामागोमाग सुरू झाले. पहाटे उठायचं, नवऱ्याचं भांडं द्यायचं, पुसायचं, कूस बदलायची, जेवण त्याच्या हाताच्या अंतरावर ठेवायचं, घोडीला दाणा, मग डगला. पट्ट्यांनी मांड्या सोलवटल्या. तिथं तिनं डगल्याचंच उरलेलं मेण लावलं. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली. कमरेत रात्री असा ठणका लागायचा की पाठ टेकताना तोंडातून आवाज निघायचा, आणि खाटेवरचा माणूस अंधारात विचारायचा, "फार दुखतंय?" ती नाही म्हणायची. त्याला भांड्यासाठी उठवताना तो तोंड फिरवायचा. आयुष्यभर कोणाच्या अंगावर ओझं न टाकलेला माणूस. एकदा तर तो म्हणाला, त्या दिवशी घोडी मांडीऐवजी मानेवर पडली असती तर बरं. त्या दिवशी मात्र तिनं त्याला चार शब्द सुनावले आणि जेवण आपटून ठेवलं.

बांधाखालून दूधवाला सायकल ढकलत जायचा. बांधावरच्या स्वाराला सगळी वस्ती 'मेणकापड' म्हणून ओळखायची. "काय मेणकापड, बरंय ना?" तो खालून ओरडायचा. बोलली तर बाईचा आवाज. म्हणून ती नुसती मान हलवायची. आठवड्याभरात दूधवाल्यानं वस्तीत जाहीर केलं की मेणकापडाला शिंगं फुटलीत, आता तो बोलतही नाही. त्यात नवं काही नव्हतं, नवरा आधीही फार बोलका नव्हता, त्यामुळे लोकांना पटलं. दुपारी भाजी घेऊन येणारी बाई दाराशी कोणी नाही बघून टोपली उंबऱ्यावर रिकामी करून जायची. आतून नवरा श्वास धरून पडून राहायचा. आपल्याच घरात चोरासारखा.

तिला आता कोणीच भेटत नव्हतं. डगला घातला की ती नवरा असायची, आणि डगला काढला की घरात एक आजारी माणूस आणि पाऊस. मधली जी बाई होती, हसायची, भाजीवालीशी घासाघीस करायची, ती कुठंच दिसेनाशी झाली. लोक ज्याला हाक मारत होते तो खाटेवर होता, आणि जी ओली होत होती तिला कोणी हाक मारत नव्हतं. हे ती कोणाला सांगणार? घोडीला सांगायची.

एक खांब तेवढा होता. रोज ती हात वर करायची आणि रोज खिडकीतून हात वर व्हायचा. पहिले काही दिवस तो उशिरा व्हायचा. नंतर ती खांबाशी पोचायच्या आतच खिडकी उघडी असायची. एकदा मुसळधार पावसात तो माणूस बाहेर पायरीवर येऊन उभा राहिला होता, डोक्यावर पोतं धरून. तो हात नवऱ्याला आहे, आपल्याला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी शेवटच्या मैलाला घोडी आपोआप भरभर चालायची, की तीच टाच मारायची, कोण जाणे.

संध्याकाळी डगला खाटेच्या पायथ्याशी टांगलेला असायचा आणि त्याखाली घमेलं. नवऱ्यानं एक दिवस मेणाचा डबा मागून घेतला. मग रोज तो डगल्याची एक-एक शिवण मांडीवर ओढून चिंधीनं चोळत बसायचा. "खिडकीतून बघतो तुला जाताना," तो एकदा म्हणाला. "पहिलं वळण जाईपर्यंत दिसतेस. लांबून मीच दिसतो. मी जातोय आणि मी इथं पडलोय." ती म्हणाली, मग बरंच आहे, दोन माणसांचं काम होतंय. तो हसला नाही. हात शिवणीवर फिरत राहिला.

प्लास्टर निघायला पाचेक आठवडे उरले होते. तेव्हा पावसानं तीन दिवस श्वासच घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, चौथा मैल ओलांडताना, निसरडी जागा चुकवायला तिनं घोडी पलीकडच्या कडेला घेतली, तेव्हा बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी तिला गवतात काहीतरी हललेलं दिसलं. बेडूक असेल म्हणून ती पुढं गेली, आणि दहा पावलांवरून परत आली. उतरली. डगला लगेच पायांत आला; कडा दोन्ही हातांनी उचलून ती उतारावरून बसत घसरत खाली गेली. गवताच्या बुडाशी मनगटाएवढ्या जाडीचं पाणी उसळून येत होतं. तिनं ओंजळ भरली. पाणी चहासारखं होतं. बोटांत चोळलं तर माती कचकचली.

आतली माती वाहत होती.

ती थोडा वेळ उकिडवी बसून राहिली. मागं चार मैलांवर घर, पुढं दोन मैलांवर चावीवाला. नवऱ्याला विचारायला जावं तर जाऊन-येऊन आठ मैल, आणि वेळ नसतो हे त्यानंच सांगितलेलं. खांबावरून ओरडून सांगावं तर आवाज बाईचा. चिठ्ठी टाकून पळावं तर चावीवाला विचारणारच, किती जाडीचं, कुठं, रंग कोणता. एकदा घोडीवरून उतरलं आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की सोंग संपलं, नोकरी संपली, खोल्या संपल्या. पाच आठवडेच तर राहिले होते. खाली, शेतांपलीकडे, वस्तीतल्या छपरांवरून धूर निघत होता. एका भिंतीला दूधवाल्याची सायकल टेकलेली दिसत होती.

"मरो ते," ती स्वतःशीच म्हणाली. खांद्यावरचा पदर तिनं बटणं तोडून काढला, वाळक्या झुडपाच्या फांदीला बांधला आणि फांदी त्या पाण्याशी रोवली. मग वर चढून आली आणि घोडीला टाच मारली.

त्या दिवशी ती खांबाशी वळली नाही. दोनशे पावलं ओलांडताना तिला खिडकीतला माणूस दिसला, मग दारात दिसला. म्हातारा झाला होता. डोक्यावर एक काळा केस उरला नव्हता. ती उतरली, पाय डगल्यात अडकला आणि ती जवळजवळ त्याच्या पायाशीच पडली. तोंडावरची टोपी तशीच होती.

"सावकाश, वहिनी," चावीवाला म्हणाला.

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. पण आधी पाणी. चौथ्या मैलापुढं, बाहेरच्या बाजूला, मनगटाएवढं, गढूळ, हाताला माती लागतेय, खुणेला कापड बांधलंय, असं तिनं एका दमात सांगितलं. त्यानं एकच विचारलं, उसळतंय का नुसतं वाहतंय. उसळतंय म्हटल्यावर त्यानं आत जाऊन फोन फिरवला आणि शांतपणे सगळं जसंच्या तसं पुढं सांगितलं. मग बाहेर येऊन दरवाज्यांचं मोठं चाक धरलं. एकट्याला जड जात होतं, तेव्हा तिनं बाह्या मागं सारून दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून दोन दरवाजे वर केले. पाणी खाली आदळायला लागलं आणि त्या आवाजात पाच-दहा मिनिटं कोणालाच बोलता आलं नाही.

मग त्यानं चहा केला. एक कप तिच्यासमोर ठेवला, एक स्वतः घेतला. खोलीत एक खाट, एक खुर्ची, फोन आणि वही. दुसरी खुर्ची नव्हती. कोणी येत नसावं.

"कधी कळलं?" तिनं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. सहा दिवस नुसती वाट बघत होतो. सातव्या दिवशी डगला दिसला, जीव भांड्यात पडला. म्हटलं, आला. आणि मग डगल्यानं हात वर केला." तो कपात बघत राहिला. "सोळा वर्षांत त्यानं माझ्याकडे एकदा हात केला नाही, वहिनी. मान तिकडं करून वळायचा."

जी गोष्ट माणुसकीची म्हणून केली तिनंच भांडं फोडलं होतं.

"मग खुणा का केल्यात? तुम्ही तर खरं लिहिणारे."

"एकदा खरं लिहिलं आणि मित्र गेला. घरात काय झालं होतं ते मला महिन्यानं कळलं. तेव्हाच जायला हवं होतं. दोनशे पावलं तर होती खांबापर्यंत." त्यानं कप खाली ठेवला. "या खेपेला खोटं लिहून बघितलं. आणि कोणी रोज हात करत होतं. ते थांबावं असं वाटेना मला."

ती रडली. पावसाळा लागल्यापासून पहिल्यांदा, नीट, आवाज करून. चावीवाला खिडकीतून बाहेर बघत बसला आणि तिचं आवरल्यावर म्हणाला, चहा गार होतोय.

साहेब तासाभरानं गाडीतून आला, मागं माती भरलेली पोती आणि तीस माणसं घेऊन. आखूड, चकचकीत रेनकोट घातलेला तरुण माणूस. त्यानं दारात उभ्या डगल्याकडे बघितलं. खालची कड चिखलात लोळत होती आणि वर बाईचं तोंड होतं.

"स्वार कुठाय?"

"मीच," ती म्हणाली.

त्यानं वही मागितली, पानं उलटली. सहा कोऱ्या दिवसांनंतर अठ्ठेचाळीस खुणा. मग तो चावीवाल्याकडे बघून म्हणाला, आधी ते पाणी बंद करू. अंधार पडायच्या आत त्यांनी ते बंद केलं. त्यांना जागा शोधावी लागली नाही, फांदीवर मेणकापड फडफडत होतं.

घरी नवऱ्याला तिनं या वेळी सगळं सांगितलं, हातासकट. नोकरीचं त्यानं मुकाट ऐकून घेतलं. तेवढं त्यानं ती दिवेलागणीला परत आली तेव्हाच ओळखलं होतं. हाताचं ऐकून तो उसळला. "कोणी सांगितलं होतं तुला हात करायला?"

"कोणी नाही. माणूस उभा होता, केला."

"रोज?"

"रोज. तोच एक दिसायचा मला दिवसभरात. तुम्हाला राग यायचा तर येऊ द्या."

त्याला राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे त्याला सापडेना. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. त्याचा पीळ तिच्या डोळ्यांदेखत सुटत होता आणि ते बघवत नव्हतं. "महिन्यानं कळलं म्हणाला?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. "मला वाटायचं, त्याला माहीत होतं. माहीत असून लिहिलं."

पाचव्या दिवशी कागद आला. नवऱ्याला कामावरून कमी केलं होतं. दुसरा माणूस मिळेपर्यंत बांध रिकामा ठेवता येत नाही, म्हणून पावसाळा संपेस्तोवर बायकोनं काम बघावं आणि मग खोल्या सोडाव्यात. पाझर दाखवल्याबद्दल एक ओळ आभाराची होती. चावीवाल्याबद्दल कागदात काहीच नव्हतं, आणि मधले चार दिवस बांधावर पोतीवाल्यांची गर्दी असल्यानं ती चौथ्या मैलापलीकडे गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पट्टे बांधत होती, तेव्हा नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आज माझ्याकडून पण एक कर."

"काय?"

"हात. एक तुझा कर, एक माझा कर."

पहिलं वळण जाईपर्यंत तो खिडकीतून बघत असणार, म्हणून ती तोपर्यंत ताठ बसली. वळणापलीकडे तिला हसू फुटलं. दूधवाल्यानं खालून हाक मारली तेव्हा तिनं पहिल्यांदाच तोंड उघडून "बरंय" म्हटलं, आणि तो सायकलवरून उतरून आ वासून बघत राहिला.

खांबाशी पोचली. खिडकी अर्धी उघडी होती. तिनं हात वर केला नाही, वाट बघितली. आत कोणीतरी होतं, पण ते पाय होते, खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेले. ती घोडी तशीच पुढं घेऊन गेली. पाय खाली झाले आणि एक अनोळखी माणूस उठून उभा राहिला.

"चावीवाले कुठं आहेत?"

"मीच," तो म्हणाला. "ते म्हातारे होय? त्यांना हलवलं. कुठंतरी लांब, पाणी उपसायच्या यंत्रावर. खोट्या खुणा केल्या होत्या म्हणे." त्यानं वहीत बघितलं. "खांबापर्यंत आलं तरी चालतं, बाई. इथवर यायची गरज नाही."

त्यानं खूण केली आणि पावसाची झड आत येत होती म्हणून खिडकी लावून घेतली.

ती खांबाशी परत आली. घोडी सवयीनं थांबली. बंद खिडकीकडे तोंड करून तिनं उजवा हात वर केला, खाली घेतला, आणि पुन्हा एकदा वर केला. बाहीतून पाणी काखेपर्यंत उतरलं. मग ती वळली, आणि सहा मैल घोडीशीही बोलली नाही.

घरी पोचली तेव्हा तो उशीला टेकून बसलेला होता. मेणाचा डबा आणि चिंधी त्यानं आधीच घेऊन ठेवली होती.

"केलास?"

"केला."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आणि त्यानं?"

ती वाकून मांडीचा पट्टा सोडत होती. पट्टा ओला होऊन आवळला होता, गाठ सुटत नव्हती.

"त्यानंही केला," ती म्हणाली. "दोनदा."

नवऱ्यानं मान हलवली. तो डब्यातल्या मेणावर बोट फिरवत होता, आणि त्याचा चेहरा असा मोकळा झाला होता की तिला तिकडे बघवेना.

"प्लास्टर निघालं की काठी घेऊन मीच जातो," तो म्हणाला. "खांबाच्या पुढं. तोपर्यंत रोज कर."

"करते," ती म्हणाली, आणि डगला न काढताच घोडीला पुसायला तबेल्यात गेली.